जुन्या लेखनाचा हिशेब मांडून पुढच्या वर्षाचं काय ठरवावं?

निळी_शाई (वडोदरा)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी विमा कंपनीतून निवृत्त झालेली बाई. माहेर दांडिया बाजारातलं, सध्या मुक्काम मांजलपूर. बरीच वर्षं लिहिते आहे. कथा, ललित, मराठी मंडळाच्या स्मरणिकेत काहीबाही, मध्यंतरी एका साप्ताहिकात सदरही चालवलं. नाव वगैरे झालेलं नाही आणि त्याची खंत करत बसायचं वयही गेलं. पण तुळशीचं लग्न लागलं, दिवाळी अंकांचा हंगाम ओसरला, की पुढच्या वर्षी काय लिहायचं ते ठरवायला मी दरवर्षी बसते. ठरतं भरपूर, होतं त्यातलं थोडंच. यंदा म्हटलं, नवीन संकल्प सोडण्याआधी मागचं सगळं एकदा काढून बघू.

दिवाणावर ढीग घातले. छापून आलेलं एकीकडे, साभार परत आलेलं दुसरीकडे, ज्याचं होय-नाही काहीच कळलं नाही ते तिसरीकडे. अर्धवट राहिलेल्याचा चौथा ढीग करायचा ठरवलंच नव्हतं. तो आपोआप झाला आणि तोच सगळ्यांत जाड निघाला.

छापलेला ढीग बघून आधी बरं वाटलं. मग एकेक चाळताना लक्षात आलं, की यातलं जवळजवळ सगळं कुणीतरी मागून घेतलेलं आहे. 'अमुक तारखेच्या आत, दीड हजार शब्द, विषय वडोदऱ्याचं ग्रंथालय' असं कुणी बजावलं की माझं काम चोख. आपल्या सेंट्रल लायब्ररीवरचा लेख त्यातलाच. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणले, संस्थानभर वाचनालयं उभी राहिली, पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेड्यापाड्यांतून फिरायला लागल्या, आणि लायब्ररीच्या पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, असं सगळं त्यात होतं. संपादकांचे दोन फोन आले, मी वेळेत दिला, वाचकांची पत्रंही आली.

माझं मी मनाने जे सुरू केलं त्याची अवस्था मात्र बघवत नाही. एक कादंबरी आहे. त्या फिरत्या पेट्या भरणाऱ्या कारकुनाची बायको ही नायिका. नवऱ्याने पेटीत भरायला काढलेली पुस्तकं ती रात्रीत वाचून काढते आणि सकाळी परत जागेवर ठेवते, अशी कल्पना. मला ती अजूनही आवडते. पण तीन प्रकरणांपलीकडे गाडं सरकत नाही. भिजत घोंगडं म्हणतात ना, तसं. शिवाय एक एकांकिका आहे. १ मे १९६० रोजी राज्यं वेगळी झाली, वडोदरा गुजरातेत गेलं. दोन भावांपैकी एकाला मुंबईला जायचंय, दुसऱ्याला इथंच राहायचंय. ती एका स्पर्धेला पाठवली होती. परीक्षक नंतर भेटले तेव्हा म्हणाले, "वाचायला छान आहे हो." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मला कळलं.

परत आलेल्यातली एक कथा सांगते. दोन जावा वाड्याच्या वाटण्या करतात अशी. पाकीट परत आलं, आत नेहमीचा छापील कागद. मी ते तसंच फाइलला लावून टाकलं होतं. आता इतक्या वर्षांनी पानं उलटताना चौथ्या पानावर समासात पेन्सिलीने काहीतरी दिसलं. अगदी पुसट, चष्मा कपाळावर चढवून पान डोळ्यांजवळ आणलं तेव्हा लागलं. 'कथा इथून?' एवढंच. समोरचा परिच्छेद म्हणजे धाकटी जाऊ माळ्यावरची पितळी भांडी खाली घेते आणि एकेका भांड्याच्या बुडावर कोरलेलं नाव वाचत सुटते, तो.

तर प्रश्न असा. मागून घेतलेलं लेखन हे माझं यश धरायचं का? (आमचे हे म्हणतात, "मागणी तसा पुरवठा, त्यात वाईट काय?" त्यांना काय जातंय.) आणि पुढच्या वर्षी जे जमतं तेच आणखी करावं, की कादंबरीच्या मागे लागावं? तुम्ही कुणी असं मागचं तपासून पुढचं ठरवता का? ठरवत असाल तर नेमकं काय बघता?

---

चौथा_मजला

ढीग घालण्यात जो दिवस गेला त्यात दोन पानं लिहून झाली असती. गंमत करतोय, रागावू नका. पण मला खरंच वाटतं, लेखकाने मागे फार बघू नये. मी माझं जुनं वाचलं तर लिहिणंच सोडेन.

---

गॅलीप्रूफ (रावपुरा)

ताई, माझं आयुष्य छापखान्यात गेलं. आधी जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा होतो, पुढे मुद्रितशोधक. स्वतः चार ओळी लिहिल्या नाहीत, पण दुसऱ्यांच्या लाखो वाचल्या, तेवढ्या भांडवलावर बोलतो.

तुम्ही छापलेला ढीग 'झालं ते झालं' म्हणून बाजूला ठेवलेला दिसतो. माझ्या मते खरं काम त्याच ढिगात आहे. तुम्ही पाठवलेली प्रत आणि अंकात आलेलं पान शेजारी-शेजारी मांडा आणि संपादकाने कात्री कुठे लावली ते पेन्सिलीने खुणा करत बघा. परत पाठवायच्या लेखनावर शेरा लिहायला संपादकाला सवड नसते, छापायच्या लेखनातलं नको ते काढायला मात्र सवड काढावीच लागते. तुमचा समज असेल की लेख होता तसा छापला. बहुतेक लेखकांचा असतो. अंक हातात आला की लोक आपलं नाव बघतात, फोटो बरा आलाय का बघतात आणि अंक कपाटात ठेवतात.

आमच्याकडे हस्तलिखितं यायची त्यांत पहिल्या दीड-दोन पानांवर तांबडी फुली हा नेहमीचा प्रकार. लेखक तापून यायचे. पण वाचणाऱ्याच्या बाजूने बघा. यजमान दारातच उभा राहून घराण्याचा इतिहास सांगतोय आणि पाहुण्याला अजून कुणी बस म्हटलेलं नाही, अशी गत होते. तुमच्या कथेवर ज्या कुणी 'कथा इथून?' लिहिलं त्याने ती चौथ्या पानापर्यंत वाचली होती आणि पुढे बोट ठेवण्याजोगं काहीतरी त्याला सापडलं होतं. मी ती कथा 'परत आलेलं' या ढिगात ठेवणार नाही. पितळी भांड्यांपासून सुरू करा आणि दुसरीकडे पाठवा.

आता मागून घेतलेल्या लेखनाबद्दल. ते कमी प्रतीचं असतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? अहो, दिवाळी अंक हा सगळा कारभारच तगाद्यावर चालतो. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून संपादक मागे लागतायत आणि लेखक लिहितायत. (त्याच १९०९ साली साहित्य संमेलन आपल्या वडोदऱ्याला भरलं होतं, पुढे १९२१ आणि १९३४ सालीही. वडोदऱ्यात राहून मराठी लिहिणारा तो काठावरचा, असं कुठे मनात असेल तर काढून टाका.) मागितलं तेव्हा तुम्ही दिलंत, वेळेत दिलंत, लोकांनी वाचलं. मी तरी ते जमेला धरेन.

---

निळी_शाई

काका, तुमचं ऐकलं आणि काल दुपारी तेच करत बसले. ग्रंथालयाच्या लेखाचे माझ्या प्रतीतले पहिले परिच्छेद अंकात नाहीतच! मी सुरुवात महाराजांच्या १९०६च्या अमेरिका दौऱ्यापासून केली होती, तिथली ग्रंथालयं बघून ते कसे प्रभावित झाले वगैरे. अंकात लेख थेट काचेच्या जमिनीवर उघडतो. वाचकांची जी पत्रं आली त्यांतही काचेचाच विषय होता. सदराचे जुने अंक काढले, तिथंही बऱ्याच ठिकाणी माझं पहिलं वाक्य सापडेना.

मग धीर करून कादंबरी उघडली. पहिलं प्रकरण : १८७५, वडोदऱ्याचे महाराज मल्हारराव गायकवाड पदच्युत. दुसरं : महाराणी जमनाबाई, दत्तकासाठी कवळाणे गावाहून आणलेली मुलं, २७ मेला दत्तकविधान, गोपाळरावांचे सयाजीराव झाले. तिसरं : नायिकेचे आजेसासरे वाईहून नोकरीच्या शोधात येतात, वाडा बांधतात. नायिका तिसऱ्याच्या शेवटच्या पानावर बोहल्यावर चढते आणि तिथं कादंबरी थांबते.

हसू की रडू कळेना. मी १९१० सालातल्या बाईवर लिहायला बसले होते आणि पस्तीस वर्षं आधीपासून चालत निघाले.

---

मोगरा_नाशिक

ताई, छान सापडलं तुम्हाला. पण मी जरा मोडता घालते, कारण कात्रीवर इतकी भिस्त ठेवायला माझं मन घेत नाही. गॅलीप्रूफ काका, तुम्हीही छापखान्यात होतात, तुम्हाला माहीत असेल की ऐन वेळी जाहिरात आली की परिच्छेद उडतो. माझ्या एका लेखाचा शेवट साबणाच्या की कसल्याशा जाहिरातीखाली गेला. त्यावरून मी 'शेवट लिहू नये' असं शिकायचं का?

मला या सगळ्यात वेगळीच गोष्ट बघावीशी वाटते. लेखन अडतं कधी, म्हणजे कोणत्या महिन्यात? तुम्ही वह्यांवर तारखा टाकत असाल तर बघा. माझंही असंच व्हायचं. मी समजायचे की माझा दम तिसऱ्या प्रकरणाला संपतो. तारखा लावल्यावर दिसलं की दरवर्षी ज्येष्ठ-आषाढात हात थांबतो. कारण उघड होतं, दिवाळी अंकांचं लेखन जून-जुलैत अंगावर येतं. लांब लेखन बाजूला पडतं आणि श्रावणात पुन्हा वही उघडली की आपलीच माणसं अनोळखी वाटतात. मग परत पहिल्यापासून वाच, पहिल्यापासून दुरुस्त कर, की आलीच पुढची दिवाळी.

म्हणून मी आता वर्षाचं ठरवताना 'कादंबरी पूर्ण करणे' असं लिहीत नाही. त्याला काही अर्थ नाही, ते आपल्या हातात नसतं. मी लिहिते, पाडव्यापर्यंत अमुक प्रकरण आणि ते कुणाच्या हातात द्यायचं त्याचं नाव. माझी शेजारीण आहे, शिक्षिका, फटकळ. ती दूध आणायला निघाली की दारातून ओरडते, "पुढचं कुठंय?" संपादकाचा फोन तुम्हाला जे करतो ते माझी शेजारीण मला करते. तुम्हाला मागणारा लागतो हे तुमच्याच ढिगांनी दाखवलंय, तर कादंबरीलाही मागणारा गाठून द्या. आणि जून-जुलै मुळातच सोडून द्या, वही कपाटात. फक्त ठेवताना शेवटच्या पानावर पुढच्या प्रसंगाच्या चार ओळी खरडून ठेवा, म्हणजे श्रावणात वाट शोधावी लागत नाही.

एक मात्र नको. जमतं ते लेख आणि मनातली ती कादंबरी, अशी दोघींची भांडणं लावू नका. एकाच वर्षात दोन्ही बसतात, महिने वेगळे ठेवले की.

---

विंगेतला

एकांकिकेवर कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो.

"वाचायला छान" म्हणजे बहुतेक वेळा पात्रं एकमेकांना आधीच माहीत असलेल्या गोष्टी सांगत असतात. 'दादा, तुला आठवतं ना, बाबा १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा कसे गप्प गप्प झाले होते?' असला संवाद असेल तर नट मेला. दादाला आठवतंच की, तो त्याच घरात होता! ती माहिती प्रेक्षकासाठी आहे हे प्रेक्षकाला लगेच कळतं आणि तो खुर्चीत मागे रेलतो.

संहितेतलं असं प्रत्येक वाक्य अधोरेखित करा. मग भावांच्या हातात काहीतरी काम द्या. ट्रंक बांधायची आहे. त्यात काय जाणार, काय राहणार? आईच्या फोटोवरून जुंपू दे. राज्यं वेगळी झाली हे पोस्टकार्डाचा नवा पत्ता लिहितानासुद्धा कळतं.

पाठवायच्या आधी चौघांना बसवून मोठ्याने वाचा, आणि तुम्ही स्वतः वाचू नका. दुसऱ्याच्या तोंडी ऐकलं की कुठं जीभ अडखळते ते कळतं.

---

चौथा_मजला

मघाशी मागे बघू नका म्हणालो होतो. या चर्चेनंतर गुपचूप माझा एक छापलेला लेख मूळ प्रतीशी लावून बघितला. काय निघालं ते सांगणार नाही.

पण एक शंका. निळी_शाईताई, ती पहिली तीन प्रकरणं फेकून देणार? १८७५चा एवढा अभ्यास केलाय तर जीव तुटत नाही?

---

निळी_शाई

तुटतो की. दत्तकविधानाच्या प्रकरणासाठी मी उन्हाळाभर जुनी पुस्तकं चाळली होती. पण फेकत नाही. वेगळ्या पाकिटात घालून वर लिहिलंय, 'माझ्यासाठी'. लिहिताना मला ते ठाऊक असायला हवं, वाचणाऱ्याला नायिकेच्या आजेसासऱ्यांचं वाईचं घर बघायची गरज नाही. अगदीच मोह झाला तर महाराजांवर कुणीतरी लेख मागेलच, तेव्हा कामी येईल.

मोगराताई, वह्यांवरच्या तारखा बघितल्या. तुमचंही खरं निघालं. बहुतेक वह्या जूनच्या सुमाराला थांबल्यात, एकीत तर शेवटच्या पानावर एका अंकासाठीच्या लेखाचे मुद्दे आहेत आणि पुढे कोरी पानं. म्हणजे काकांचंही बरोबर आणि तुमचंही. आता कोणत्या कारणाने किती अडलं याचा तंटा कोण सोडवणार? दोन्हीवर उपाय करते.

तर सध्यापुरतं ठरलंय ते असं. पितळी भांड्यांची कथा चौथ्या पानापासून पुन्हा लिहून माघ संपायच्या आत पाठवायची. कादंबरी लग्नापासूनही नाही सुरू करायची. पहिली पेटी घरात येते तिथून. (नवऱ्याने पेटी ओट्यावर ठेवली, बिजागरी करकरली, आणि स्वयंपाकघरातून हिने मान वर केली. एवढं आज सकाळी लिहिलं, राहवलं नाही.) पाडव्यापर्यंत दोन प्रकरणं. जून-जुलै दिवाळी अंकांचे, त्यांना नाही म्हणणार नाही, मानधन कमी असलं तरी मला ते लेख लिहायला आवडतात, हे या ढिगांमुळे पहिल्यांदाच मोकळेपणी कबूल करते आहे. एकांकिका यंदा नाही. विंगेतले म्हणतात ते पटलं, पण ट्रंक बांधायला लावायची तर सगळीच नव्याने लिहावी लागेल, आणि एक ना धड भाराभर चिंध्या व्हायला नकोत.

मागणारा माणूस तेवढा सापडला नाहीये अजून. आमचे हे वाचतात, पण सगळ्यालाच "मस्त" म्हणतात.

---

गॅलीप्रूफ (रावपुरा)

मोगराताईंची जाहिरातीची गोष्ट मान्य. असं व्हायचं, नाही म्हणत नाही. पण जाहिरातीपायी कापतात ते शेवटाकडून, कारण पान जुळवताना खालूनच काढणं सोपं. सुरुवात कापायची तर मथळ्यापासून सगळं हलवावं लागतं, तेवढा खटाटोप कुणी उगीच करत नाही. म्हणून सुरुवातीची कात्री दिसली तर मनावर घ्या, शेवटाची दिसली तर आधी त्या पानावर जाहिरात आहे का बघा.

निळी_शाईताई, मागणाऱ्याचं मी बघतो. आमच्याकडे रावपुऱ्यात शनिवारी संध्याकाळी चार-पाच जुनी माणसं बसतात. एक निवृत्त ग्रंथपाल, एक माझ्याच छापखान्यातले जुळारी, आणि आमची सौभाग्यवती, जिला कुठलंच पुस्तक पटकन आवडत नाही. पेटीचं प्रकरण घेऊन या. वाचणार दुसरं कुणीतरी, तुम्ही नुसतं ऐकायचं, विंगेतल्यांनी सांगितलं तसं. पुढच्या शनिवारी दुसरं नाही आणलंत तर सौ. फोन करेल, आणि तिचा फोन कुठल्याही संपादकापेक्षा वाईट असतो.

टाइप मोठा ठेवा, ओळींत जागा सोडा, पान एकाच बाजूला छापा. समास डावीकडे चांगला दोन बोटं हवा. लीलो चेवडो आमच्याकडून.